जुगाड म्हणून टाळ्या वाजवू नका, आधी ब्रेक विचारा

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा. शिव्या द्यायच्या असतील तर पूर्ण वाचून द्या.

गेल्या काही महिन्यांत आपल्या भागातल्या जवळजवळ प्रत्येक ग्रुपवर एक व्हिडिओ फिरला. लाल रंगाची, बिनटपाची, जमिनीला टेकलेली बुटकी गाडी धूळ उडवत येते, वळते आणि जाते. मागे हलगी वाजतेय. खाली कोणीतरी लिहिलंय, "आपल्या तालुक्याची फेरारी". तो व्हिडिओ मी काढलेला. त्याआधी छापून आलेली बातमीही माझीच. मथळा होता, "भंगारातून साकारली रेसिंग कार, मिस्त्रींच्या जुगाडाची कमाल".

त्या बातमीत एकही वाक्य खोटं नव्हतं. तरी ती बातमी चुकीची होती. कशी, ते सांगतो.

गाडी बनवणारे मिस्त्री माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे. आता नाव लिहू नका म्हणालेत, कारण रोज दहा जण सेल्फीला येतात आणि गॅरेजचं काम तुंबतं. वीस-बावीस वर्षं ट्रॅक्टर, टेम्पो, जीप दुरुस्त करून घर चालवलेला माणूस. रात्री नऊनंतर, स्वतःच्या पैशाने, त्यांनी ही गाडी उभी केली. चौकोनी पाइपाची चेसिस, वर फायबरची बॉडी, आत भंगारात निघालेल्या ओम्नी व्हॅनचं इंजिन. तीन सिलेंडर, ७९६ सीसी. ओम्नीच का, हे मी बातमीच्या वेळी विचारलंच नव्हतं. नंतर कळलं. त्या व्हॅनचं इंजिन उभं बसतं आणि ताकद मागच्या चाकांना जाते. पुढे इंजिन, मागे चालक आणि मागची चाकं फिरणारी हलकी गाडी करायची, तर आपल्याकडच्या भंगारात तिच्याइतकी सोयीची आणि स्वस्त वस्तू सहज मिळत नाही. मी ज्याला जुगाड लिहिलं, तो विचार करून केलेला निर्णय होता.

गाडीचा आराखडाही आभाळातून पडलेला नाही, आणि मिस्त्री तसा दावाही करत नाहीत. इंग्लंडमध्ये कॉलिन चॅपमनने १९४८ मध्ये जुन्या ऑस्टिन सेव्हनवर आपली पहिली गाडी बांधली. पुढे त्याच्या लोटस कंपनीने १९५७ मध्ये 'सेव्हन' नावाची गाडी आणली. ती सुट्या भागांत विकत घ्यायची आणि घरी जोडायची. तयार गाडीवर जो कर लागायचा तो सुट्या भागांवर लागत नसे, म्हणून तिथल्या पगारदार तरुणांना परवडायची. १९७३ मध्ये कॅटरहॅमने तिचे हक्क घेतले आणि तिचं रूप आजही बनतंय. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन नावाच्या शिक्षकाने अडीचशे पौंडात अशी गाडी घरी कशी बांधायची याचं पुस्तक काढलं, आणि जगभर लोकांनी आपापल्या शेडमध्ये पाइप कापायला घेतले. आमचे मिस्त्री त्यातलेच एक. मापं मोबाईलवरून घेतली, इंग्रजी मुलीकडून वाचून घेतलं.

आता जे बातमीत नव्हतं ते.

बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी बंद सूतगिरणीच्या आवारात आम्ही गाडी नेली. मला अजून एक क्लिप हवी होती. मी शेजारी बसलो, हातात मोबाईल. मिस्त्रींनी पन्नासच्या आसपास वेग घेतला आणि ब्रेक दाबला. पुढच्या सेकंदात गाडीचं तोंड आल्या वाटेला होतं. मागचा भाग सर्रकन फिरून पुढे आला होता. धूळ बसली तेव्हा दिसलं, माझ्या बाजूला हातभर अंतरावर एक पोरगं सायकल धरून उभं. सातवी-आठवीतलं असेल. रडलं नाही, पळालंही नाही. नुसतं बघत होतं.

ते तिथे का आलं होतं? माझा व्हिडिओ बघून.

ती क्लिप माझ्या मोबाईलमध्ये आहे. मी ती टाकली नाही. आदल्या दिवशीची हलगीवाली क्लिप मात्र तशीच फिरत राहिली आणि मी खाली आलेल्या कमेंटना हात जोडत राहिलो. पत्रकारितेचा डिप्लोमा केला तेव्हा कोण, काय, कुठे, कधी, का, कसं हे सहा प्रश्न पाठ केले होते. "थांबते का?" हा प्रश्न त्यात बसवायचं मला सुचलं नाही.

त्या संध्याकाळी मिस्त्री गॅरेजच्या पायरीवर बसून एवढंच म्हणाले, "पत्रकार, गाडी पळतीया म्हंजे गाडी झाली न्हवं. थांबली की झाली."

त्यानंतर तीन महिने रोज रात्री जे चाललं, ते मी स्टूल टाकून बघितलंय. ती खरी बातमी होती. ती कोणी छापली नसती, कारण त्यात हलगी नाही.

पहिला संशय आला मागच्या डाव्या ड्रमवर. उघडलं तर लायनरवर ऑइल. बदललं. फरक नाही. मग त्यांनी शंभर पानी वही आणली आणि नियम केला, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बदलली की लिहायची. गाडी भुईकाट्यावर नेली, जिथे उसाच्या ट्रॉल्या वजन होतात. आधी पुढची दोन चाकं काट्यावर, मग मागची दोन. सगळी मिळून साडेपाचशे किलोच्या आसपास. तिथे उलगडा झाला. व्हॅनच्या मागच्या चाकांवर माणसं आणि माल बसणार हे धरून मागच्या ब्रेकला जोर दिलेला असतो. ह्या गाडीत मागे ओझंच नाही. ब्रेक दाबला की वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात आणि तो सगळा जोर त्यांना जाम करून टाकतो. पुढची चाकं आधी जाम झाली तर गाडी निदान सरळ घसरते. मागची आधी जाम झाली तर ती गरकन फिरते. व्हॅनचा दोष काही नव्हता. व्हॅनचे ब्रेक जसेच्या तसे दुसऱ्या गाडीला लावणं हा दोष होता.

उपाय म्हणून मागच्या ब्रेकच्या लाइनमध्ये दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह टाकला. मग आवाराचं गेट बंद करून, जमीन ओली करून, वीसच्या वेगाला, तीसच्या वेगाला, चाळीसच्या वेगाला ब्रेक दाबून बघणं सुरू झालं. मी बाहेर उभा राहून चाकांचं शूटिंग करायचो. कुठलं चाक आधी थांबलं ते क्लिप हळू करून बघायचं, व्हॉल्व्ह जरा फिरवायचा, वहीत लिहायचं, पुन्हा. पुढची चाकं आधी जाम होईपर्यंत हे चाललं.

तोवर पाणी तापत होतं. रेडिएटर मोठा बसवा, असं चौघांनी सांगितलं. बसवला, पैसे गेले, तरी काटा वरच. कारण वेगळंच निघालं. गाडीचं नाक बुटकं, त्यामुळे रेडिएटरचं झाकण इंजिनच्या डोक्यापेक्षा खाली आलं होतं. पाणी भरताना हवा वर अडकायची आणि बाहेर पडायला वाट नव्हती. सगळ्यात उंच जागी एक छोटी टाकी बसवून तिथून पाणी भरलं, हवा निघाली. शिवाय समोरचा वारा रेडिएटरच्या बाजूने निसटत होता. पत्र्याची चौकट करून तो आतून जाईल असं केलं. मोठा रेडिएटर काढून जुनाच परत लावला. आज तोच चालतोय.

हेडलाइट लावला की तापमानाचा काटा उडी मारायचा. आपण सगळे पत्र्याच्या गाड्यांवर शिकलो. तिथे बॉडी हीच अर्थिंग असते. फायबरमधून करंट जात नाही. प्रत्येक दिव्याला वेगळी अर्थिंगची वायर ओढून चेसिसला आणि तिथून बॅटरीला नेली, तेव्हा काटा जागेवर बसला.

शेवटचं स्टिअरिंग. खड्डा आला की कोणीतरी हातातून ओढून घेतल्यासारखं व्हायचं. अलाइनमेंट करा, असं सगळ्यांनी सांगितलं. दोनदा केलं. सपाटीवर छान, खड्ड्यात तेच. मग स्प्रिंग काढून, चाक जॅकवर थोडं थोडं उचलत, फळी आणि दोरी लावून मोजलं. चाक वर जाताना त्याचं तोंड आपोआप बाहेर वळत होतं. स्टिअरिंगचा रॅक जितका उंच हवा त्याहून दोन बोटं वर वेल्ड झालेला. माउंटिंग कापून, खाली घेऊन, परत वेल्ड केलं. तो दिवस मिस्त्रींना सगळ्यात जड गेला, कारण ती चूक त्यांची स्वतःची होती. वहीत त्यांनी तसंच लिहिलंय, "माप माझं चुकलं".

मित्रांनो, याला जुगाड म्हणतात का?

ह्या शब्दावर माझा राग आहे, आणि तो शब्द मीच छापलाय. आपल्याला वाटतं आपण कौतुक करतोय. प्रत्यक्षात आपण म्हणतो, "ह्याला शिक्षण नाही, मोजमाप नाही, हातात आलं ते जोडलं आणि नशिबाने चाललं." शहरातला इंजिनिअर हेच काम करतो तेव्हा त्याला संशोधन म्हणतात. गावातला माणूस करतो तेव्हा जुगाड. आणि एकदा जुगाड म्हटलं की त्याच्याकडून ब्रेकची अपेक्षा करायची गरज उरत नाही. चालली तर कमाल, धडकली तर "जुगाडच ते".

हे आजचं नाही. आपल्या इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णींनी १९४९ च्या सुमारास 'मीरा' नावाची छोटी मोटार बनवली. पुढची कित्येक वर्षं एकामागून एक मॉडेल सुधारत राहिले. ती गाडी बाजारात कधी आली नाही. आज आपण तिचा जुना फोटो अभिमानाने फॉरवर्ड करतो आणि पुढच्या फोटोकडे वळतो. २०२१ च्या अखेरीस सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराची घरी बनवलेली, किक मारून चालू होणारी चारचाकी देशभर गाजली. आनंद महिंद्रांनी त्या बदल्यात बोलेरो देऊ केली, आणि २०२२ च्या जानेवारीत ती दिलीही. चांगलं केलं. पण त्यांनीच तेव्हा लिहिलं होतं की ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती थांबवतील. म्हणजे खासगी उद्योगपतीला जो प्रश्न दिसला, त्याचं उत्तर सरकारने द्यायला हवं होतं. दर वेळी कोणीतरी बोलेरो देईल ह्यावर व्यवस्था चालत नाही.

मिस्त्री पासिंगसाठी गेले होते. सगळी कागदपत्रं, भंगारवाल्याची पावती, इंजिनचा नंबर, वही, सगळं घेऊन. खिडकीतल्या माणसाने विचारलं, "कंपनी कुठली?" हे म्हणाले, "कंपनी न्हाई, म्या केलीया." "मग फॉर्म २२ कोण देणार?" फॉर्म २२ म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचं बनवणाऱ्या कंपनीचं प्रमाणपत्र. तो माणूस उद्धट नव्हता. नियमानुसार बरोबर होता. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ नुसार गाडी बनवणाऱ्याने नमुना गाडी मान्यताप्राप्त संस्थेकडे तपासायला द्यायची असते. पुण्याची एआरएआय त्यातली एक. ही वाट हजारो गाड्या विकणाऱ्या कंपनीसाठी आखलेली आहे. तपासणीचा खर्च ती हजारो गाड्यांवर वाटते. एकच गाडी बनवणाऱ्या माणसाला तो खर्च गाडीच्या किमतीपेक्षा मोठा.

बरं, जुन्या नोंदणीवर बॉडी बदलून घ्यावी म्हटलं, तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. नोंदणीत जे लिहिलंय आणि कंपनीने जसं ठरवलंय त्यापेक्षा वेगळं करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्टही केलंय. त्या निकालाबद्दल माझी तक्रार नाही. कोणीही काहीही कापून जोडू लागलं तर रस्त्यावर चालायचं कोणी?

पण "मनाला येईल तसं करू नका" आणि "करूच नका" ह्यांच्यामध्ये एक दार असायला हवं. इतर देशांत आहे. ब्रिटनमध्ये घरी बनवलेली एकच गाडी घेऊन तपासणी केंद्रावर जाता येतं. २००९ पासून त्याला एकेका वाहनाच्या मंजुरीची वेगळी पद्धत आहे. ब्रेक, स्टिअरिंग, सीटबेल्टचे सांधे, दिवे, धूर, आवाज, अगदी बाहेर आलेली टोकदार कडसुद्धा तपासतात. नापास झालात तर कशात झालात त्याची यादी हातात मिळते. दुरुस्त करा, परत या. न्यूझीलंडमध्येही थोड्या संख्येने बनणाऱ्या किंवा बदललेल्या गाड्यांसाठी अशी प्रमाणपत्राची व्यवस्था आहे आणि तपासणारे त्या कामात मुरलेले लोक असतात. तिथले सरकारी नियम आपल्यापेक्षा ढिले नाहीत. उलट कडक आहेत. म्हणूनच तिथे परीक्षा आहे. आपल्याकडे परीक्षाच नाही, त्यामुळे पास होणाराही नाही आणि नापास होणाराही नाही.

आता तुमच्यातले काही जण म्हणतील, आणि बरोबरच म्हणतील, की २०२२ मध्ये देशात रस्ता अपघातांत १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली, आणि तू घरी बनवलेल्या गाड्या रस्त्यावर आणायच्या म्हणतोस?

मी त्या सायकलवाल्या पोराचा चेहरा बघितलाय. मला हा आकडा सांगायची गरज नाही. म्हणूनच म्हणतो, तपासा. गळीत हंगामात रात्री आठनंतर आपल्या रस्त्यावर उभं राहून बघा. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे रिफ्लेक्टर नाही, दिवा नाही. त्या ट्रॉलीत घुसून गेलेल्यांच्या बातम्या मी दर हंगामात लिहितो. दप्तरांसह डझनभर पोरं कोंबलेली रिक्षा रोज सकाळी आपल्याच दारावरून जाते. ह्यांचे ब्रेक कोणी शेवटचे कधी मोजले? आणि इकडे ज्याने तीन महिने फक्त ब्रेक मोजले, त्याला मोजून घ्यायला जागा नाही.

अजून एक सांगतो. गेल्या महिन्यात एका पुढाऱ्यांच्या माणसाचा मिस्त्रींना फोन आला. साहेबांच्या वाढदिवसाच्या मिरवणुकीत गाडी पुढे पाहिजे, साहेब उभे राहून हात हलवणार. मिस्त्री म्हणाले, पासिंग नाही, जमणार नाही. पलीकडून उत्तर आलं, "पोलिसांचं आम्ही बघून घेतो."

ह्या चार शब्दांत आपली सगळी व्यवस्था आली. ज्याची ओळख आहे त्याला नियम आडवा येत नाही. ज्याची ओळख नाही त्याला नियमातून जायला वाट नाही. मिस्त्रींनी गाडी दिली नाही. त्या माणसाच्या दोन जीप दुरुस्तीला यायच्या, त्या आता येत नाहीत.

माझं म्हणणं थोडक्यात मांडतो. पटतं का बघा.

एक. सरकारने एकच, स्वतःच्या वापराची गाडी बनवणाऱ्यासाठी वेगळी तपासणी ठेवावी. धंद्यासाठी नाही, भाड्याला नाही. वेगाची मर्यादा घाला, वर्षाला परत तपासा, फी घ्या. ब्रेकचा जोर रोलरवर मोजणारी यंत्रं असलेली तपासणी केंद्रं देशात उभी राहताहेत. वर्षातून दोन दिवस त्यांची दारं अशा गाड्यांना उघडा.

दोन. जिल्ह्यातल्या आयटीआय आणि पॉलिटेक्निकनी अशा कारागिरांना बोलवावं. सत्काराला नाही, शाल-श्रीफळाला नाही. वही घेऊन बोलवावं. इंजिनिअरिंगची पोरं बाहा आणि सुप्राच्या स्पर्धांसाठी गाड्या बनवतात, तिथे ब्रेक दाबल्यावर चारही चाकं जाम होतात का ते तपासल्याशिवाय पळवू देत नाहीत. ती शिस्त गॅरेजपर्यंत येऊ द्या, आणि गॅरेजमधलं हातातलं ज्ञान कॉलेजपर्यंत जाऊ द्या.

तीन. गाड्या बनवणाऱ्या पोरांनो, मला रोज मेसेज येतात तुमचे. तपासणीची सोय होत नाही तोवर रस्त्यावर आणू नका. बंद आवार, मालकाची परवानगी, गेटला कुलूप, बघ्यांना बंदी. आणि पळवायच्या आधी थांबवायला शिका. वही ठेवा.

चार. माझ्या पत्रकार आणि यूट्यूबर भावांनो, पुढच्या वेळी अशी गाडी दिसली तर "किती पळते?" आणि "किती खर्च आला?" ह्याआधी विचारा, "ब्रेक दाबल्यावर कुठलं चाक आधी थांबतं?" उत्तर आलं तर ती बातमी. नाही आलं तर कॅमेरा बंद करा आणि आसपासची पोरं लांब करा.

मी माझा जुना व्हिडिओ आज काढून टाकलाय. ज्यांच्याकडे फॉरवर्ड झालाय त्यांनी पुढे पाठवू नये, ही विनंती.

लाल गाडी सध्या गॅरेजच्या मागे ताडपत्रीखाली उभी आहे. बघायला जाऊ नका, मिस्त्री वैतागतात. गेलातच तर गाडीबरोबर फोटो काढायच्या आधी वही मागा. दाखवतात. आमदार, खासदार आणि परिवहन खात्यातले जे कोणी ही पोस्ट वाचत असतील, त्यांनाही माझं हेच सांगणं आहे.

पटलं तर शेअर करा. पटलं नाही तर कमेंटमध्ये सांगा, पण ब्रेकबद्दल बोला.